दाब, धर, सोड

नानांनी, म्हणजे वडिलांनी, मला मोटरसायकल शिकवली तेव्हा पहिलं वाक्य क्लचबद्दल नव्हतं आणि गिअरबद्दलही नव्हतं. खळ्यात गाडी उभी, मी आठवीत, पाय जेमतेम जमिनीला टेकतायत आणि नाना मागून सांगतायत, "पुढला ब्रेक दाबू नको, उलटी पडशी." झालं, एवढंच ड्रायव्हिंग स्कूल. बाकी सगळं मी पडूनझडून शिकलो पण हे वाक्य डोक्यात असं बसलं की पुढची वीसेक वर्षं उजव्या हाताची बोटं त्या लिव्हरकडे जायलाच तयार नव्हती.

आणि हे आमच्याच घरातलं नाही बरं का, अमळनेर, चोपडा, पारोळा, कुठेही जा, गावाकडचा माणूस गाडी थांबवतो ती पायाने. पुढचा ब्रेक म्हणजे पिशवी अडकवायची खुंटी. नानांच्या तर खरंच तिथे कापडी पिशवी असायची, त्यात डबा, विळा, कधी मेथीची जुडी. आता यात नानांना नावं ठेवायची म्हटली तर ठेवता येत नाहीत, कारण ते एकदा खरंच पडलेले. मी जन्मायच्या आधी, कापसाच्या दिवसात, रस्त्यावर नुसता मुरूम पसरलेला आणि वळणावर पुढचा ब्रेक दाबला. कोपराची खूण अजून आहे. मुरमावर, फुफाट्यावर, नाहीतर पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीच्या चिखलावर हँडल वळलेलं असताना पुढचं चाक जाम केलं तर माणूस पडणारच, त्यामुळे त्यांचा नियम त्यांच्या रस्त्यापुरता बरोबर होता. रस्ता डांबरी झाला, नियम मुरमाचाच राहिला.

गंमत म्हणजे गाडीला डिस्क ब्रेक माझ्या हट्टाने आला. १९९९ साली सीबीझेड आली, २००१ ला पल्सर आली, आणि आम्हा कॉलेजच्या पोरांना पुढच्या चाकावरच्या त्या चकचकीत चकतीचं असं वेड लागलं की विचारू नका, स्टँडवर कुणाची डिस्कवाली गाडी उभी असली की आम्ही वाकून बघायचो. २००५ मध्ये नाना गाडी घेणार म्हटल्यावर मी जळगावहून फोनवर फोन केले, डिस्कवालीच घ्या, सेफ असते. जरा जास्त पैसे पडले, त्यांनी दिले. दीडशे सीसीची, काळी. (कंपनीचं नाव सांगत नाही, पुढे जे झालं त्यात तिचा काडीचाही दोष नाही.) तर माझ्यासाठी म्हणून डिस्क घेतली आणि मग एवढी वर्षं तिला हात लावला नाही. मी जळगावात नोकरीला, गाडी गावाकडे, नाना शेतात जाणार येणार, पायाने थांबणार. डिस्कवर कायम तपकिरी झाक. रोज वापरातल्या डिस्कवर अशी झाक टिकत नाही, पॅड घासून घासून ती आरशासारखी राहते. मला ती झाक दिसत होती पण तिचा अर्थ कळला नाही, खोटं कशाला बोलू.

या नोव्हेंबरात आठ दिवस सुट्टी काढून गावी गेलो. गाडी घेऊन अमळनेरला निघालो तर पुढचा ब्रेक दाबल्यावर लिव्हर भिजलेल्या पावासारखा आत जातोय. मी मधल्या काळात सुधारलोय, जळगावच्या हायवेवर रोज जीव मुठीत धरून जायचं म्हटल्यावर पुढचा ब्रेक वापरायला शिकावंच लागतं. जोरात ब्रेक मारला की गाडीचं आणि तुमचं बरंचसं वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं हलकं होतं, मग मागच्याने कितीही दाबा, ते जाम होऊन घसरत जातं. थांबवायचं खरं काम पुढच्याचं. म्हणून तो पाव काही मला सहन होईना.

हँडलवरच्या डबीला छोटी काच असते, त्यातून पाहिलं तर आत कोरा काळा चहा. ब्रेक ऑइल नवं असतं तेव्हा पातळ मधाच्या रंगाचं असतं. आपण त्याला ऑइल म्हणतो खरं पण ते तेल नव्हेच, आणि त्याची एक खोड आहे, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात मिठाचा डबा उघडा राहिला तर मिठाचं जे होतं तेच. नव्या डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू किमान २३० अंश पाहिजे असतो, आणि त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तोच १५५ अंशांवर आला तरी चालतो असं मानकच सांगतं. म्हणून दर दोन वर्षांनी बदला म्हणतात. आमचं कारखान्यातून आलेलं तसंच. बरं, कुणी कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरत असेल, डबलसीट, वर सामान, तर असलं जुनं ऑइल कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कला पॅड दाबणाऱ्या चिमट्यात, उकळतं, वाफ होते आणि लिव्हर सपशेल आत जातो. नानांच्या वाट्याला घाटच नाही. घर ते शेत, सपाट. ते पाणी उकळलं नाही, नुसतं बसून राहिलं आणि धातू खात राहिलं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मला वाटलं ऑइल बदललं की काम झालं. डबीच्या झाकणाला दोन स्क्रू असतात, ते एवढ्या वर्षांत उघडलेले नव्हते, एकाचं डोकं पहिल्याच झटक्यात गोल झालं. मग पेचकस त्यावर उभा धरून हातोडीने हलके हलके ठोकलं तेव्हा कुठे सुटला. जुनं ऑइल सिरिंजने ओढून काढलं, नवं ओतलं, खाली कॅलिपरच्या निपलला, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर काढायच्या तोटीला, पारदर्शक नळी लावली आणि एकटाच बसलो, लिव्हर पार हँडलला टेकेपर्यंत दाबत, परत परत, तीस चाळीस वेळा. नळीतून आधी काळं आलं, मग गढूळ, मग स्वच्छ. लिव्हर दगडासारखा झाला. नाना ओट्यावरून बघत होते, काही बोलले नाहीत. मीच दोनदा सांगितलं की बघा कसा टाइट झाला.

मंगळवारी तो दगड विरघळला. मंगळवार म्हणजे अमळनेरला मंगळग्रह मंदिराची गर्दी, चोपडा रोडला गाड्याच गाड्या, नारळवाले, फुलवाले. समोर एक जीप थांबली म्हणून मी ब्रेक दाबला, गाडी थांबली, छान थांबली. उतार थोडासाच होता, मी लिव्हर धरून उभा. आणि बोटांखाली तो हळूहळू हँडलकडे जायला लागला. माझा जोर तेवढाच, पकड तेवढीच, पण लिव्हर आपला चाललाय, एखादा म्हातारा खुर्चीत बसल्या बसल्या झोपेत घसरत जातो तसा. पार हँडलला टेकला आणि गाडी पुढे सरकायला लागली. जीपच्या बंपरपासून वीतभर अंतरावर पायाने थांबवली. सोडून परत दाबला तर पुन्हा कडक. धरून ठेवला की पुन्हा घसरगुंडी.

बाजूला घेऊन खाली वाकून पाहिलं. कॅलिपर कोरडा, नळी कोरडी, रस्त्यावर थेंब नाही, डबीतलं ऑइल जितक्यास तितकं. कुठेच गळत नाही आणि दाब जातोय. मला तर चक्रावल्यासारखंच झालं.

बसस्टँडकडे आमचे जुने मिस्तरी आहेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात. मामांनी लिव्हर दोन बोटांनी दाबून धरला, डोळे मिटले, डॉक्टर नाडी बघतो तसे. अर्ध्या मिनिटाने विचारलं, ऑइल कुणी बदललं? मी म्हटलं, मीच. कसं दाबलं? पार टेकेपर्यंत. मामा हसले.

"मंग तूच मारी टाकं भो त्याले."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला फार आवडलं, कारण अगदी सायकलच्या पंपावरून सांगितलं. पंपाच्या दांड्याला खाली वायसर असतो, वाटीसारखा, दांडा दाबला की वाटीची कड नळीला चिकटते आणि हवा खालीच जाते. हँडलवरच्या डबीखाली ब्रेकचं मास्टर सिलेंडर असतं, त्यातही असंच, फक्त वाटी रबराची, करंगळीत बसेल एवढी, आणि हवेच्या जागी ऑइल. वाटीची कड धड असेल तर सगळा दाब खाली कॅलिपरला. कड फाटली की धरून ठेवलेला दाब कडेकडेने मागे सरकतो आणि ऑइल परत डबीत जाऊन बसतं. म्हणून थेंब दिसत नाही, घरातला पैसा घरातच. पटकन दाबलं तर वाटी फुगून तात्पुरती धरते, हळू धरून ठेवलं की सोडते.

आणि मी काय केलं होतं? ब्रेक चांगला असतो तेव्हा पिस्टन, म्हणजे वाटी बसवलेला दांडा, थोडासाच आत जातो, लिव्हर अर्ध्यातही येत नाही. पुढची जागा तशीच पडून असते. नानांनी तर तेवढाही कधी दाबला नव्हता. त्या न वापरलेल्या जागेत पाणी मुरलेलं ऑइल बसून बसून धातूला पांढरा खार धरलेला, आणि मी ती जुनी कडक झालेली वाटी चाळीस वेळा त्या खारावरून पार शेवटपर्यंत खरवडून आणली. नुसतं ऑइल बदलताना लिव्हर अर्ध्यापेक्षा पुढे जाऊ द्यायचा नाही, मामा म्हणे, लिव्हरमागे लाकडाचा तुकडा ठेवायचा. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर!

खोलून पाहिलं. लिव्हर काढला, पिस्टनच्या तोंडावरचं रबरी टोपण काढलं, आत सर्कल लॉक, पिस्टनला अडवून धरणारी कडी. त्याला लांब तोंडाची लॉक पक्कड लागते, साध्या पकडीने प्रयत्न केला तर लॉक उडतो आणि मग तो शोधण्यात संध्याकाळ जाते. लॉक निघाला तसा स्प्रिंगने पिस्टन बाहेर ढकलला, मामांनी अंगठ्याने अडवून ठेवला होता म्हणून बरं. वाटीची कड मी नखाने उलटून पाहिली, एका जागी तिळाएवढा खांडा पडलेला. बाकी रबर झकास दिसत होतं. तिळाएवढ्याने सगळं गेलं. सिलेंडरमध्ये टॉर्च मारला तर भोकाच्या पुढच्या भागात पांढरे ठिपके. मामांनी बांबूची काडी आत फिरवली, ठिपक्यापाशी अडकली.

मी म्हटलं, बारीक पॉलिश पेपर मारू या. मामा नाही म्हणाले, स्पष्ट. हे ॲल्युमिनियमचं, आतून वर एक कडक थर दिलेला असतो, तो घासून काढला की मऊ धातू उघडा पडतो आणि नवी वाटी चार दिवसांत खाऊन टाकतो. अख्खं सिलेंडर बदल. आता मी पडलो हुशार. अख्खं सिलेंडर कशाला, किट मिळतं की, वाट्या, स्प्रिंग, पिस्टन, टोपण सगळं त्यात, किंमतही कमी, शिवाय जुनी वस्तू दुरुस्त करण्यात जे समाधान आहे ते फेकून नवी आणण्यात कुठे. मामांनी खांदे उडवले. किट आणलं, घरी जाऊन बसवलं.

बसवताना नाना गोडेतेलाची वाटी घेऊन आले. पंपाचा वायसर वाळला की ते तेच करायचे, तेलात बुडवून ठेवायचे, चामड्याला ते चालायचं. मी ओरडलोच. या रबराला खायचं तेल, इंजिन ऑइल, ग्रीस, काही चालत नाही, फुगून बसतं, इथे लावायचं ते ब्रेक ऑइलच. नाना वाटी घेऊन परत गेले. माझा आवाज जरा जास्तच चढला होता, आता लिहितानाही जाणवतंय.

किट टिकलं तीन दिवस. चौथ्या दिवशी लिव्हर पुन्हा झोपायला लागला. खांडा पुन्हा तिथेच, जिथे ठिपका. मामांकडे न जाता परस्पर दुकानातून अख्खं सिलेंडर आणलं, लाजेपोटी, अंगावर १/२ असं कोरलेलं, म्हणजे आतलं भोक अर्ध्या इंचाचं, १२.७ मिलीमीटर. एवढ्याशा भोकावर अख्खी गाडी आणि दोन माणसं थांबतात हे मला दरवेळी नवलाचं वाटतं. शाळेत पास्कलचा नियम पाठ केला होता, दाब सगळीकडे सारखा पोचतो, बरणीची आकृती काढायची, दोन मार्क. लहान भोकातून दाबा, खाली मोठा पिस्टन असेल तर तेवढा जोर वाढतो, व्यास दुप्पट तर जोर चौपट. पास्कल सतराव्या शतकातला माणूस, मोटरसायकलला ही युक्ती सर्रास लागायला होंडाच्या १९६९ च्या सीबी ७५० पर्यंत थांबावं लागलं, आणि आमच्या घरात ती येऊनही वापरायला आणखी किती वर्षं.

डबीच्या तळाशी दोन भोकं असतात ते मात्र सांगितलंच पाहिजे. एक मोठं, सहज दिसतं. दुसरं इतकं बारीक की आधी मला ते घाणीचा ठिपका वाटलं होतं, शिवणाची सुईसुद्धा जात नाही. लिव्हर सोडल्यावर, ऑइल गरम होऊन फुगल्यावर, जास्तीचा दाब त्या बारीक भोकातून वर जातो. ते बुजलं तर ब्रेक सुटतच नाही, चाक धरून ठेवतो, डिस्क तापते. जुन्या सिलेंडरचं ते भोक मी नुसतं हौस म्हणून साफ करून पाहिलं, विजेच्या वायरमधली तांब्याची एकच तार काढून, तांबं मऊ असतं म्हणून ओरखडा पडत नाही. अर्धवट बुजलेलं होतं. नव्यात ऑइल भरून लिव्हर थोडासा दाबला की त्या भोकातून बोटभर उंच कारंजं उडतं, ते दिसलं की समजायचं रस्ता मोकळा. फक्त खाली टाकीवर ओलं फडकं टाकायचं, हे ऑइल रंग खातं. माझ्या टाकीवर एक टपोरा डाग आहे, फडकं टाकायच्या आधीचा.

आता हवा काढायची. नवं सिलेंडर, आत नुसती हवा, एकट्याने होईना. एकाने वर लिव्हर दाबायचा आणि एकाने खाली निपल खोलायचा. घरात त्या वेळी नानाच.

ते गाडीच्या बाजूला स्टूल घेऊन बसले, उजवा हात लिव्हरवर. मी खाली चाकापाशी, आठचा पाना निपलला, नळी बाटलीत. मी म्हणायचो दाब, ते दाबायचे. धर. मी निपल पाव आटा खोलायचो, नळीतून बुडबुडे पळायचे, लिव्हर आत जायचा. मी निपल बंद करायचो, मग सोड. बंद करायच्या आधी सोडलं तर हवा परत आत ओढली जाते, म्हणून क्रम चुकवून चालत नाही. दाब, धर, सोड. घाईत मी वडिलांना अरेतुरे करतोय हे पंधरा वीस वेळा झाल्यावर लक्षात आलं, त्यांच्या आलंच नव्हतं, किंवा आलं असेल तरी ते पूर्ण लिव्हरमध्ये गुंतलेले. पहिल्यांदा त्यांनी एका बोटाने घाबरत दाबला, गाडी स्टँडवर असून. मग दोन बोटं. मग पूर्ण पंजा.

"आखो कितलं दाबसू? हात दुखी ऱ्हायना."

"अजून थोडं नाना. दाबा."

नळीत कधी लांब बुडबुडा यायचा, कधी वाळूसारखे बारीक. अर्ध्या तासाने लिव्हर घट्ट व्हायला लागला आणि मला ते त्यांच्या तोंडावर दिसलं, मी न विचारताच म्हणाले, आता भिडला. भिडला हा शब्द मला सुचला नसता. पुढे ते मी न सांगताच दाबायला लागले, आणि मी निपलला पाना लावून त्यांच्या तालावर. शेवटचे बारीक बुडबुडे वर सिलेंडरजवळच्या वळणात अडकून बसतात, ते काही केल्या खाली येत नाहीत, म्हणून रात्रभर लिव्हर दाबून बांधून ठेवला. सायकलच्या ट्यूबची पट्टी नानांनीच शोधून आणली, गाठ त्यांनी मारली, बैलाच्या दाव्याची असते तशी, एका ओढीत सुटणारी. सकाळी सोडल्यावर लिव्हर पहिल्या बोटभरातच थांबला.

सुट्टी संपली, मी जळगावला परत. नवीन गाड्यांना २०१९ पासून सव्वाशे सीसीच्या वर एबीएस सक्तीचं आहे, पुढचा ब्रेक कितीही घाबरून आवळला तरी चाक जाम होत नाही, तशी एक घेऊन देऊ का म्हणून फोनवर विचारलं. आहे ती चालते, म्हणाले. ब्रेक वापरता का हे विचारलं नाही. विचारलं असतं तर हो म्हणाले असते आणि मला काहीच कळलं नसतं.

मागच्या रविवारी पुन्हा गेलो. भरताची वांगी भाजायची होती, अंगणात काड्या पेटवलेल्या, थंडी चांगली पडलेली. अंधार पडल्यावर नाना शेतातून आले. लांबून वळणावर मागचा लाल दिवा उजळलेला दिसला, पण तो पायाने दाबला तरी लागतो आणि हाताने दाबला तरी लागतो, दिव्यावरून काय कळणार. गाडी ओट्याशी लावून ते हातपाय धुवायला गेले. पिशवी आज हँडलच्या मधोमध अडकवलेली होती.

मी दुधाची किटली काढायचं निमित्त करून खाली बसलो आणि डिस्कला बोट लावलं. कोमट. इंजिन सोडलं तर सगळं लोखंड गार पडलेलं, टाकीवर हात ठेववत नव्हता, आणि ही कोमट. आधी मनात शंका आली की ब्रेक धरून तर ठेवत नाही ना, कुठे बारीक भोक बुजलं असेल, म्हणून न्यूट्रलमध्ये गाडी एका हाताने ढकलून पाहिली. लोण्यासारखी सरकली.

"काय देखी ऱ्हायना रे भाऊ?" नाना टॉवेलने तोंड पुसत दारात उभे.

"काही नही. चिखल लागेल शे."

चिखल नव्हताच, पाऊस जाऊन दीड महिना झालेला. नाना काही बोलले नाहीत, वांगी उलटायला बसले.